तिसऱ्या परिच्छेदातली पेज

चौतीस वर्षं मी साताऱ्यात इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेलं एखादं पोर अर्ज लिहिताना 'रिस्पेक्टेड सर' विसरलं असेल, तर ते त्या तासाला झोपलेलं असणार. ही गोष्ट मी मागच्या वर्षापर्यंत छाती पुढे काढून सांगायचे. आता जरा बेताने सांगते.

निवृत्त झाल्यावर मी मिरजेला लेकीकडे राहायला आले. मयूरी, म्हणजे माझी लेक, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. मिरजेत हॉस्पिटलं इतकी, की रिक्षावाल्याला नुसतं 'हॉस्पिटल' म्हटलं तर तो 'कशाचं?' असं विचारतो. मला कशाचंच दुखणं नव्हतं, फक्त रिकामपण होतं. पेपरातल्या इंग्रजी जाहिरातींतल्या चुका काढून काढून किती काढणार?

अशात एका रविवारी सकाळी मयूरी नीलिमाला घेऊन आली. नीलिमा कांबळे, पस्तिशीची, त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कारकून. कुणाला बिनमिठाचं, कुणाला बिनसाखरेचं, कुणाला पातळ आणि कुणाला साधं जेवण द्यायचं, याची बेडवार यादी करणं हे तिचं काम. ती खुर्चीच्या काठावर नीट बसली, चहा घेतला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि मग म्हणाली, "बाई, मला इंग्रजीत मेसेज लिहायला शिकवाल का? मला बोलायला नको, नुसतं लिहायला यायला पाहिजे."

झालं होतं असं, की हॉस्पिटलने स्वयंपाकघरासाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. आता वह्या बंद. डॉक्टर वरून जेवणाचा प्रकार भरणार आणि खाली स्वयंपाकघरातल्या टॅबवर बेडवार यादी उमटणार. काही अडलं तर त्या टॅबवरच्याच एका चौकटीत इंग्रजीत लिहून बंगळूरच्या कंपनीला कळवायचं. तिथे तक्रारीला 'तिकीट' म्हणतात. तिकीट काढायचं काम नीलिमाकडे आलं होतं, कारण स्वयंपाकघरात बी. ए. झालेली ती एकटीच. बी. ए. मराठी घेऊन झालेली, ही बारीकशी गोष्ट कुणी विचारात घेतली नव्हती.

आणि व्यवस्थापक अवधूत सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तीस तारखेपर्यंत नवी पद्धत सुरळीत चालली तर स्वयंपाकघर आहे तसं राहील. नाही चालली, तर एक तारखेपासून पुण्याची केटरिंग कंपनी येईल, आपली माणसं घेऊन. म्हणजे स्वयंपाकघरातल्या आठही जणी घरी. त्यातल्या बायडाबाई तर एकवीस वर्षं त्या चुलीपुढे उभ्या होत्या.

मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, महिन्याभरात तुला असं लिहायला शिकवते की बंगळूरवाले चौकट करून भिंतीला लावतील. हे मी खरोखर म्हटलं. मयूरी साक्षीदार आहे आणि ती ते विसरू देत नाही.

शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी तीनला कामावरून सुटल्यावर नीलिमा यायची. मी तिला अर्जाचा मूळ साचा दिला. वर 'रिस्पेक्टेड सर', मग 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट', शेवटी 'युअर्स ओबिडियंटली'. पोरगी हुशार. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारायची नाही. तिने स्वतःच्या मनाने एक भर घातली. म्हणाली, "एकदम तक्रारच कशी करायची, बाई? वडील मुंबईहून पत्र पाठवायचे तेव्हा आधी खुशाली असायची, मग काम. आपल्याकडचं सगळं ठीक आहे हे आधी लिहू या ना."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत कुणीतरी आपणहून शिष्टाचार पाळायला निघालं होतं. मी ते वाक्य घासून पुसून दिलं: तुमच्या कृपेने इथे सर्व काही उत्तम चालले आहे, आणि आपणही सर्वजण कुशल असाल अशी आशा आहे. दुसऱ्या परिच्छेदात आम्ही त्यांच्या सॉफ्टवेअरची तारीफ केली, कारण नव्या सुनेच्या हातचा पहिला स्वयंपाक चाखताना जसं बोलतात तसंच बोलायचं असतं. तिसऱ्या परिच्छेदात अडचण. चौथ्यात त्रास दिल्याबद्दल क्षमा.

आणखी एक होतं. तिकिटाबरोबर ते किती तातडीचं आहे हे निवडायचं असतं. साधं, मध्यम किंवा अतितातडीचं. नीलिमा प्रत्येक वेळी साधं निवडायची. बाकीच्या हॉस्पिटलांचीही कामं असतील, आपलंच मोठं कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं. मला तेही पटलं. मयूरीने मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाली की आई, हे मेसेज आहेत, लग्नपत्रिका नाहीत. मी तिला आत जायला सांगितलं.

अडचण तशी साधी होती. वॉर्ड तीन हा हाडांचा वॉर्ड. तिथे ऑपरेशन झालं की पहिल्या दिवशी पातळ जेवण आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी-भाजी. पण सॉफ्टवेअर त्या वॉर्डातल्या पेशंटला एकदा पातळ म्हणालं की पातळच म्हणत राहायचं. बावीस बेडपैकी अठरा जणांना गरज नसताना रोज दोन्ही वेळा पेज. टॅबवर जे येईल तेच द्यायचं, आपल्या मनाने बदलायचं नाही, असा सरांचा हुकूम होता. पेशंट ओरडायचे, नातेवाईक भांडायचे, बायडाबाई पातेली आपटायच्या, आणि नीलिमा तीन वाजता माझ्याकडे येऊन वहीत 'रिस्पेक्टेड सर' लिहायची, मग ते टॅबवर उतरवून पाठवायची.

उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. दर वेळी तेच. आपल्या गोड शब्दांबद्दल आभारी आहोत, सगळं उत्तम चाललं आहे हे वाचून आनंद झाला, तिकीट बंद करत आहोत. खाली नाव उत्कर्षा.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, अजून नम्रपणे लिहायला हवं होतं. म्हणून दुसरं पत्र अधिक नम्र झालं. तिसरं त्याहून. पाचव्या पत्रात मी 'आय शॉल बी हायली ऑब्लाइज्ड' दोनदा घातलं. सातव्या पत्रानंतर मात्र माझं डोकं फिरलं. ही उत्कर्षा कोण टिकोजी लागून गेली, हिला वाचता येतं की नाही, हिच्या बाईंनी हिला काय शिकवलं, असं मी अर्धा तास बोलत होते. नीलिमा शांतपणे आठवं लिहायला बसली.

पंचवीस तारखेला ती आली ती नेहमीच्या वेळेआधीच. चप्पल काढून दारातच उभी राहिली. अवधूत सरांनी तिला बोलावून घेतलं होतं. त्यांच्यापुढे कंपनीचा अहवाल होता. तीन आठवड्यांत नऊ तिकिटं आणि नऊच्या नऊ सुटलेली, पुढे शेरा: ग्राहक समाधानी. दुसऱ्या हाताला पेशंटांच्या तक्रारींची थप्पी. सर म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही हे तुम्हीच लिहून दिलंय. मग चूक स्वयंपाकघराची. पुण्याच्या कंपनीला मी उद्या-परवा होकार कळवतो.

"मी काय सांगणार त्यांना?" नीलिमा म्हणाली. "सगळं उत्तम चाललंय असं नऊ वेळा लिहिलंय मी."

ते तिने लिहिलं नव्हतं, मी लिहून घेतलं होतं. ती हे बोलली नाही, म्हणून मला जास्त लागलं. मी तिला पाणी दिलं आणि साडी बदलून तिच्याबरोबर हॉस्पिटलला निघाले. जाऊन काय करणार होते, ते मलाही ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघर तळमजल्यावर. बायडाबाई पेजेच्या पातेल्याशी उभ्या होत्या. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू. मी कोण हे कळल्यावर त्यांनी मला स्टूल पुसून दिलं. मला वाटलं दोन शब्द सुनावतील, पण नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आवं बाई, आमी काय, कुठंबी भाकऱ्या थापू. पर ही पोरगी रातध्याड कागद लिवतीया, तिचं वाईट वाटतंय."

मग मी नीलिमाबरोबर वॉर्ड तीनमध्ये गेले. दुपारच्या जेवणाची गाडी फिरून गेली होती. नवव्या बेडवर हरिबा नावाचे एक म्हातारे होते, माणदेशातले, दहिवडीकडचे मेंढपाळ. मेंढरामागे धावताना पाय मोडून आलेले. पेजेची वाटी त्यांनी बाजूला ठेवली होती. माझी इस्त्रीची साडी आणि चष्मा बघून त्यांना मी कुणी मोठी अधिकारी वाटले असणार. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"पाय मोडलाय," ते म्हणाले. "दात शाबूत हाईत. सा दिस झालं पेज पितुया. सांच्याला भाकरी द्या."

एवढंच बोलले आणि माझ्याकडे बघत राहिले. पुढे क्षमा नाही की आधी खुशाली नाही. पण म्हाताऱ्याच्या बोलण्यात उद्धटपणाही नव्हता. काय झालंय, काय झालेलं नाही, किती दिवस झाले आणि कधीपर्यंत काय पाहिजे, हे सगळं चार वाक्यांत आलं होतं. चौतीस वर्षांत मी असं एक वाक्य कुणाला शिकवलं नव्हतं. मी तिथेच बेडच्या कडेला बसले. हरिबांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पेजेची वाटी माझ्यापुढे केली.

नीलिमाला म्हटलं, टॅब आण. आणि आबांनी सांगितलं तसं लिही. तसंच, त्याच क्रमाने.

ती घुटमळली. "वर 'रिस्पेक्टेड सर'?"

"नको."

"नुसतं हॅलो तरी?"

मी म्हटलं, हॅलो चालेल. माझाही जीव एकदम सुटत नव्हता. मग तिने लिहिलं, आणि इंग्रजी सगळं तिचं, मी फक्त शेजारी बसून होते: हॅलो. वॉर्ड तीनमध्ये अठरा पेशंटांना सॉफ्टवेअर चुकून पातळ जेवण दाखवत आहे. त्यांना साधं जेवण हवं. चार तारखेपासून हे चालू आहे. आधीची नऊ तिकिटं याबद्दलच होती, ती सुटलेली नाहीत. आज संध्याकाळी सहाच्या जेवणाआधी दुरुस्त करा.

"दुरुस्त करा, असं थेट?" ती म्हणाली. "'प्लीज' घालते एक."

तिने एक 'प्लीज' घातलं. मग तातडीच्या खान्यापाशी तिचं बोट थांबलं. तिने हरिबांकडे पाहिलं, त्यांच्या पलीकडच्या बेडकडे पाहिलं, आणि अतितातडीचं निवडून पाठवून दिलं.  म्हणाली, बाई, कुणाला तरी दम दिल्यासारखं वाटतंय.

सतरा मिनिटांनी उत्तर आलं. मी घड्याळ लावून बसले होते म्हणून सांगते. उत्कर्षानेच लिहिलं होतं, आणि या खेपेला गोड शब्दांचे आभार नव्हते. अडचण समजली, आमच्या बाजूची चूक आहे, काम सुरू केलं आहे. पाच वाजायच्या आत टॅबवरची यादी बदलली. वॉर्ड तीनमध्ये चार पातळ आणि अठरा साधं. बायडाबाईंनी यादी नीलिमाकडून दोनदा वाचून घेतली आणि परातीत पीठ ओतलं. त्या संध्याकाळी हरिबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी उशाखाली ठेवली ती सिस्टरने काढून घेतली.

पण अवधूत सरांच्या टेबलावरचे नऊ शेरे होते तसेच होते. सॉफ्टवेअर आज दुरुस्त झालं, ठीक. तीन आठवडे पेशंटांना पेजेवर ठेवलं ते कुणी? पुण्याला होकार जायचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी त्यांच्या दारात उभी राहिले. बरोबर नीलिमा.

अवधूत सर चाळिशीचे, नीटनेटके, वाईट माणूस नव्हे. फक्त कागदावरचं खरं धरणारा. मी त्यांना सरळ सांगितलं की मी या मुलीची शिक्षिका, आणि ती नऊ पत्रं चुकली ती माझ्यामुळे. आधी कौतुक करायचं, मग काम सांगायचं, हे मी शिकवलं. बंगळूरच्या लोकांनी कौतुक वाचलं आणि पुढे वाचलंच नाही. मुलीची चूक नाही, स्वयंपाकघराची तर मुळीच नाही.  आयुष्यात मी व्यवस्थापनाशी पुष्कळ भांडले आहे, पण चूक कबूल करायला पहिल्यांदाच गेले होते.

सरांनी विचारलं, ती पत्रं आहेत का. मी म्हटलं, तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये आहेत, उघडा.

त्यांनी पहिलं उघडलं. वाचता वाचता त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. 'आय बेग टू स्टेट' त्यांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, अशी भाषा शाळा सुटल्यापासून पाहिली नव्हती. माझे कान गरम झाले. मग ते तिसऱ्या परिच्छेदाशी आले आणि तो त्यांनी दोनदा वाचला. दुसरं पत्र उघडलं, तिसरं उघडलं, आता ते थेट तिसऱ्या परिच्छेदावरच जात होते.

कारण तिसरा परिच्छेद माझा नव्हता, नीलिमाचा होता. साचा मी दिला होता, पण तिथे काय घालायचं ते तीच ठरवायची. आणि तिने प्रत्येक पत्रात तारीख लिहिली होती, वेळ लिहिली होती, बेड नंबर एकेक करून लिहिले होते, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आणि टॅबवर काय आलं ते समोरासमोर मांडलं होतं. वह्या बंद झाल्या तरी तिची नजर वहीचीच होती. नऊ पत्रांत मिळून वॉर्ड तीनच्या एकेका माणसाच्या एकेका जेवणाचा हिशेब होता. मी तो परिच्छेद व्याकरणासाठी तपासला होता. तो काय सांगतोय हे मीही वाचलं नव्हतं.

"हे सगळं तुम्ही सुरुवातीलाच कळवलं होतं?" सरांनी नीलिमाला विचारलं.

"हो सर. पाच तारखेला."

"आणि मला का नाही सांगितलं?"

 "सांगायला दोनदा आले होते, सर. तुम्ही म्हणालात, तिकीट काढ."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले की तुम्ही जा, मी बघतो. बघतो म्हणजे काय, ते आम्हाला कळलं नाही. पुढचे चार दिवस नीलिमा माझ्याकडे आली नाही. मी सव्वीसला वाट पाहिली, सत्तावीसला पाहिली, अठ्ठावीसला मयूरीवर विनाकारण ओरडले. मयूरीलाही काही कळत नव्हतं. वॉर्डात जेवण वेळेवर येतंय, एवढंच ती सांगायची.

तीस तारखेला दुपारी मी न राहवून स्वयंपाकघरात गेले. भांडी घासून पालथी घातलेली, आणि आठही जणी टॅबभोवती उभ्या. नीलिमा लिहीत होती. मला बघून तिने सरकून जागा दिली, पण लिहिणं थांबवलं नाही. काय चाललंय विचारल्यावर म्हणाली, सरांनी सकाळी निरोप पाठवलाय की एक तारखेपासून स्वयंपाकघरात कुणाकुणाला सॉफ्टवेअर वापरायला लागेल, त्यांची नावं कंपनीला कळव. नवी खाती उघडायची आहेत.

"किती जणींची?" मी विचारलं.

"सगळ्यांची, बाई."

मी टॅबमध्ये पाहिलं. हॅलो. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरासाठी आठ खाती उघडा, प्लीज. उद्या सकाळी सहाला पहिली पाळी सुरू होते, त्याआधी हवीत. खाली नावं. पूर्ण नावं, प्रत्येकीच्या नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावासकट, आडनावासकट. बायडाबाई जालिंदर माने. विजयमाला अर्जुना पाटोळे. सुलाबाई हरी लोंढे. अशी आठ. मी वरपासून खालपर्यंत वाचलं. सवयीने चूक शोधत होते. सापडली नाही, आणि इतका आनंद मला कधी कुणाचा पेपर तपासताना झाला नव्हता.

बायडाबाईंनी नीलिमाला त्यांचं नाव कुठलं ते दाखवायला सांगितलं. तिने बोट ठेवलं. बायडाबाईंनी पदराला हात पुसून त्या अक्षरांवर स्वतःचं बोट ठेवलं, आणि पडदा हलला म्हणून घाबरून काढून घेतलं.

"ही आता बंगळूरला जानार व्हय?"

"जाणार."

"आन तिथली लोकं वाचत्याल?"

नीलिमाने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. "वाचतील," ती म्हणाली, "सगळं वाचतील," आणि पाठवलं.